पिंपर की सफेदा

गोंदियाजवळच्या आमच्या मुर्रीत पिंपळाला कोणी पिंपळ म्हणत नाही, पिंपर म्हणतात. मी शाळेत विज्ञान शिकवते, फळ्यावर पिंपळ असं शुद्ध लिहिते आणि घराचा उंबरा ओलांडला की माझ्याही तोंडात पिंपरच येतो. आणि सफेदा म्हणजे निलगिरी. ही गोंदियातल्या हिंदीची देणगी. माझे वडील आरा मशीनवर कामाला होते. तिथं निलगिरीच्या बल्ल्यांचे, सरळसोट ओंडक्यांचे, ढीग लागलेले असत आणि मालकापासून हमालापर्यंत सगळे त्यांना सफेदाच म्हणत. त्या बल्ल्यांच्या सालीचे लांब लांब पट्टे निघायचे, ते माय भारा बांधून चुलीसाठी घरी आणायची. तेव्हा सफेदा कशाला म्हणतात हे मायला कोणी शिकवायला नको. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचा सगळा घोळ या दोन शब्दांचा आहे, आणि त्या घोळात माझा धाकटा भाऊ अडकला होता. तो गेला की नाही, एवढंच त्यात ठरायचं होतं.

घरात आम्ही तिघंच. वडील जाऊन बरीच वर्षं झाली. माझं लग्न झालं नाही, का झालं नाही हे लोकांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, त्यामुळे मी सांगत बसत नाही. भाऊ सडक अर्जुनीकडं महामार्गाचं काम चालू असताना पोकलेन चालवायला शिकला. ते काम आटोपलं तसा ठेकेदाराच्या मागं मागं पार हिमाचलात गेला, डोंगर फोडून रस्ता करायला. माय म्हणायची, "आपल्याइकडं माती कमी पडली का गा तुले, तं तिकडं दगडं उकरून रायला?" तो हसायचा. त्याला हसायला कारण लागत नसे.

त्याच्या कॅम्पात नेटवर्क नव्हतं. वर नाल्याच्या काठाला एक मोठं झाड होतं, त्याच्या बुडाशी बसलं की फोन लागायचा. दर रविवारी तो तिथं जाऊन व्हिडिओ कॉल करायचा. मागं झाडाचं खोड, त्याला टेकून हा, कानटोपी घातलेला. एकदा त्यानं एक पान तोडून फोनसमोर धरलं. "पाह्य माय, पिंपर! मी पिंपराखाली बसून तुझ्याशी बोलून रायलो."

मायनं चष्मा लावून पान पाहिलं. बदामासारखं, मोठं, तळहातभर. "शेंडी कुठं हाये व याची?" ती मला विचारायला लागली. पिंपळाच्या पानाला टोकाशी शेपटासारखी लांब शेंडी असते, पावसाचं पाणी तिच्यावरून ओघळून जावं म्हणून. या पानाचं टोक आखूड होतं.

"थंडीनं झडली," भाऊ तिकडून म्हणाला.

"आन् काठावर दात काऊन हायेत?"

"थंडीनं दात वाजून रायले त्याचे."

माय इतकी हसली की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मी विज्ञानाची बाई, मला तेव्हाच दिसत होतं की हा पिंपळ नव्हे. पिंपळाची कड सरळ असते, तिला दात नसतात. पण दर रविवारी माय विचारायची, "पिंपराखाली बसला का?" आणि तो म्हणायचा, "बसलो." आपलं लेकरू परमुलखात पिंपराच्या सावलीत आहे यात तिला केवढा आधार होता! मी त्यात नाक खुपसलं नाही.

श्रावण सरता सरता, आमच्याकडची धानाची रोवणी आटोपली होती तेव्हा, तिकडं दरड कोसळली. कॅम्पाच्या दोन-तीन खोल्या नाल्यात गेल्या. बातमी त्याच्यासोबत काम करणाऱ्या पोरानं दिली. हा बालाघाटकडचा, भावाच्याच वयाचा, दोघं एकाच खोलीत राहायचे. त्या दिवशी हा ड्युटीवर होता म्हणून वाचला. काही दिवस शोधच चालला. मग नाल्यात खाली एक देह सापडला. चेहरा ओळखण्याजोगा उरला नव्हता. अंगात कंपनीचं जाकीट आणि गळ्यात भावाचं ओळखपत्र. रस्ता दोन्हीकडून तुटलेला, देह ठेवण्यासारखा नाही. पोरानं मला फोनवर विचारलं, "दीदी, क्या करें?" मी म्हटलं, करा. दुसरं काय म्हणणार होते मी?

सगळं उरकल्यावर त्यानं पुन्हा फोन केला. स्पीकर चालू होता, माय खाटेवर बसली होती, बातमी आल्यापासून ती एक अक्षर बोलली नव्हती. तो रडत रडत सांगत होता, "नाले के किनारे किया, दीदी. उसी सफेदे के पास, जिसके नीचे बैठ के वो मौसी से बात करता था."

मायनं मान वर केली. "कोनत्या सफेद्याजवळ?"

"वो ऊपर वाला सफेदा, मौसी. वही जगह उसको पसंद थी."

मायनं माझ्या हातातून फोन घेतला आणि बंद करून टाकला. "माहा पोरगा सफेद्याखाली बसतच नव्हता," ती म्हणाली. "तो पिंपराखाली बसे. तो माहा नव्हे."

मला वाटलं, धक्क्यानं बोलते आहे, दोन दिवसांत निवळेल. छे! ती दिवसेंदिवस ठाम होत गेली. जाकीट तर समद्यांचं सारखंच असते. ओळखपत्राचं म्हणाल तर पोरं एकमेकांच्या गळ्यातलं घालत नाहीत का? या पोरानं कोणा दुसऱ्यालाच जाळलं, आणि आपला कुठंतरी दवाखान्यात पडला असेल, बोलता येत नसेल, सुध नसेल. तिच्या बोलण्यात मला फट सापडेना. खरं सांगायचं तर मी शोधतही नव्हते.

आमच्याकडं माणूस गेला की पिंपराला मडकं बांधतात. त्याच्या बुडाला बारीक भोक पाडून त्यात दर्भ घालतात, थेंब थेंब पाणी खाली पडत राहतं. गेलेल्या जिवाला तहान लागते म्हणून दहाव्यापर्यंत ते रोज भरायचं. भाऊबंद मडकं घेऊन दारात आले तेव्हा माय उठून उभी राहिली. "जित्या मानसाच्या नावानं मडकं बांधून रायले? लाजा नाही वाटत?" सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी शिकलेली, मी समजवावं. मी म्हटलं, मडकं परत न्या. भाऊबंदांनी आम्हा दोघींनाही वेडं ठरवलं आणि गेले.

अस्थी तिकडेच होत्या. रस्ता सुरू झाला की तो पोरगा घेऊन येणार होता. माय म्हणाली, "दुसऱ्याच्या लेकराची राख मी कायले घेऊ? त्याच्या मायले नेऊन द्या. कोनाची तरी माय वाट पाहून रायली असन, बिचारी." त्या न पाहिलेल्या बाईसाठी तिच्या डोळ्यांत पाणी आलं. स्वतःच्या पोरासाठी ती रडली नव्हती. तो जिवंत होता, त्याच्यासाठी कशाला रडेल?

हे असं चालणार नव्हतं. म्हणून मी त्या पोराला निरोप टाकला: झाडाचे फोटो पाठव. पान पुढून, पान मागून, देठ जवळून, साल छातीच्या उंचीवर आणि पूर्ण झाड लांबून. शाळेत पोरांना झाड ओळखायला शिकवताना मी हेच सांगते. त्यानं काही विचारलं नाही. "जी दीदी," एवढंच.

फोटो आले, नेटवर्कसाठी खालच्या गावात उतरून पाठवलेले. मी शाळेतून आले होते, पायातली चप्पलही काढली नव्हती. पान लहान, खोल कापलेलं, जवळजवळ पंजासारखं. मागची बाजू पांढरी शुभ्र, बोट फिरवलं तर कापूस लागेल असं वाटणारी. साल फिकट, गुळगुळीत, आणि तिच्यावर काळ्या शंकरपाळ्या कोरल्यासारख्या खुणा. मी भावानं त्या रविवारी पाठवलेला त्याचा जुना फोटो उघडला, पान हातात धरलेला. मोठं बदामी पान, मागून हिरवंच, कापूस नाही. आणि त्याच्या पाठीमागची साल काळपट, उभ्या खोल भेगांची.

दोन वेगळी झाडं!

मी कितीदा तरी फोटो मोठे करून पाहिले. मग इंटरनेटवर बसले. तेव्हा कळलं की तिकडच्या थंड मुलखात पॉप्लर नावाचं एक मोठं कुळ आहे, आणि अ‍ॅस्पेन त्यातलंच. पांढऱ्या पॉप्लरच्या पानाला मागून लव असते आणि सालीवर शंकरपाळ्या. अ‍ॅस्पेनचं पान लहान, गोल, त्याचा देठ दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखा चपटा, म्हणून नुसत्या श्वासानंही ते थरथरतं. साल हिरवट पांढरी, जुन्या फांद्या गळाल्या तिथं डोळ्यांसारखे काळे डाग. आणखी एक जात झाडूसारखी सरळ वर जाणारी, पान त्रिकोणी. मी अंगणाबाहेर जाऊन पिंपराचं पान तोडून आणलं आणि देठ चिमटीत फिरवून पाहिला. गोल. लांब आणि गोल. गोंदिया जिल्ह्यात एकाही माणसाला लागणार नाही एवढी माहिती मी दोन-तीन दिवसांत जमवली. कशासाठी, हे मला पक्कं माहीत होतं. पोरानं दाखवलेलं झाड पांढरा पॉप्लर होतं आणि भावाचं झाड ते नव्हतं.

मी मायला सांगितलं. "माय, तुझं खरं आहे. झाड वेगळं आहे."

ती म्हणाली, "मंग मी काय सांगून रायली होती?"

त्या चार-सहा दिवसांचं काय सांगू! आमच्या घरात पुन्हा आवाज झाले. मायनं लाखोरीची डाळ भिजवली, वडे केले, भावाला आवडतात म्हणून, आणि आम्हीच दोघींनी खाल्ले. मी त्याच्या बंद नंबरवर रिचार्ज मारला, सापडला की त्याला आधी फोन लागला पाहिजे ना. रिचार्ज झाल्याचा मेसेज आला तेव्हा मला एवढा आनंद झाला की मी शाळेत पोरांना एक तास खेळायला सोडलं. हिमाचलातल्या दवाखान्यांचे नंबर शोधले. एका ठिकाणी कोणी बेशुद्ध माणूस दाखल आहे म्हणाले आणि मी लगेच वय विचारलं. तो साठीचा निघाला. तरी मी हटले नाही. मायपेक्षा मीच जास्त वेडी झाले होते, पण माझ्या वेडाला पानाचा आणि सालीचा पुरावा होता.

मग एका दुपारी पोराचा मेसेज आला. "दीदी, पहले वाला कैंप के पास का सफेदा था. ऊपर का रास्ता बारिश में फिर टूट गया था. आज ऊपर गया. भाई वाला ये है."

त्याखाली फोटो.

पान त्याच्या तळहातावर ठेवलेलं. मोठं, बदामी, तळाशी आत वळलेलं. कडेला बारीक दात. टोक आखूड, शेंडी नाही. मागची बाजू फिकट हिरवी, कापूस नाही. देठ लांब, लालसर, पानाजवळ चपटा झालेला. साल काळपट, उभ्या खोल भेगांची. मी लगेच त्याला फोन लावला. बोलताना मला राग आला होता, कुणाचा ते माहीत नाही. "हे सफेदा कसं? ते पहिलं पांढरं झाड सफेदा, हे काळं झाड सफेदा कसं होईल?"

तो बावरला. "दीदी, यहाँ सबको सफेदा ही बोलते हैं. वो भी, ये भी. बूढ़े लोग इसको पहाड़ी पीपल भी बोलते हैं. पर हम लोग सफेदा ही बोलते थे. भाई मौसी के सामने पीपल बोलता था, मज़ाक में."

मी म्हटलं, ठीक आहे. फोन ठेवला. तरीही मी हरले नव्हते. त्या डोंगरात अशी शंभर झाडं असतील. भावाचा फोटो आणि हा फोटो मी शेजारी शेजारी ठेवले आणि नुसती साल पाहायला लागले, भेग धरून भेग. जुन्या फोटोत भावाच्या डाव्या खांद्याच्या वर खोडात एक तार रुतलेली आहे. कोणीतरी कधीतरी कपडे वाळवायला बांधली असेल. झाड वाढत गेलं आणि सालीनं ती गिळली, वर ओठासारखा फुगवटा आला. इतके दिवस मी तो फोटो बघत होते, पण तार माझ्या डोळ्याला दिसली नव्हती. माझं सगळं लक्ष पानावर आणि त्याच्या चेहऱ्यावर. नव्या फोटोत ती तिथंच होती. तीच तार, तोच फुगवटा, तीच भेग तिच्याखाली दोन ठिकाणी फाटलेली. समोर फक्त खांदा नव्हता.

मी स्वयंपाकघरात गेले आणि उभ्यानं पाणी प्यायले. मला ओरडावंसं वाटत होतं. माझ्या भावाला मी माझ्या हातानं शोधून काढलं होतं, आणि तो मेलेला निघाला होता.

माय मागच्या दारात तांदूळ निवडत बसली होती. मी तिच्यासमोर बसले. आडून आडून सांगणं मला कधी जमलं नाही. मी म्हटलं, "माय, तिकडं पॉप्लरला सफेदा म्हणतात. सगळ्या जातींना. आपण निलगिरीला म्हणतो तो सफेदा वेगळा. तो ज्याला पिंपर म्हणायचा आणि हा पोरगा ज्याला सफेदा म्हणतो ते एकच झाड आहे." मी दोन्ही फोटो तिला दिले. तार दाखवली.

तिनं बराच वेळ पाहिलं. मला वाटलं आता ती म्हणेल, तार तर कोणत्याही झाडाला असते. मी त्याचीच वाट पाहत होते. ती म्हणाली असती तर मी मान्य केलं असतं, देवाशप्पथ. पण तिनं फोन खाली ठेवला. सुपातले तांदूळ तिनं डब्यात ओतले, झाकण लावलं, हात पदराला पुसले.

"त्या पोराले फोन लाव," ती म्हणाली. "तोंड दिसते तो."

व्हिडिओ लागला. पोरगा नाल्याच्या काठावरच होता अजून, लोकरी टोपी कपाळापर्यंत ओढलेली. मायला पाहून त्यानं हात जोडले.

मायची हिंदी मोडकी आहे. तिनं विचारलं, "बेटा, आग कौन दिया?"

"मैंने दी, मौसी."

"तू ही दिया?"

"हाँ मौसी. और कोई घर का था नहीं."

माय फोनवर आणखी वाकली. मग म्हणाली, "टोपी निकाल."

तो घुटमळला. मी मध्ये पडायला गेले तर मायनं मला हातानं गप्प केलं. "निकाल, बेटा."

त्यानं टोपी काढली. डोकं गुळगुळीत भादरलेलं होतं आणि त्यावर नुकते कुठं बारीक केस उगवायला लागले होते. अग्नी देणारा मुलगा देतो तसे त्यानं केस दिले होते, माझ्या भावासाठी, तिथं थंडीत, कोणी न सांगता. इतक्या दिवसांत त्यानं हे आम्हाला एका शब्दानं सांगितलं नव्हतं.

"तेरा बाप है ना रे?" मायनं विचारलं.

"हैं, मौसी. बालाघाट में."

"मंग कायले दिले रे बाप्पा?" तिची हिंदी संपली. "ज्याचा बाप जित्ता हाये त्यानं केस देऊ नये. अपशकुन होते. तुझ्या बापाले काही झालं म्हंजे?"

त्याला सगळं समजलं असेल की नाही कोण जाणे. तो खाली पाहून म्हणाला, "मौसी, उसका कोई तो होना चाहिए था."

मायनं पदर तोंडाशी नेला. मग पदर काढून त्याला नीट सांगितलं, उद्याच घरी जा, बापाच्या पाया पड, त्याच्या हातानं अंगावर पाणी घे. राख नंतर आण, घाई नाही, मी घेईन. "मैं लेगी. मेरा ही है," ती म्हणाली. तो हो हो म्हणत होता आणि रडत होता. नेटवर्क गेलं, पडद्यावर त्याचा चेहरा तसाच अडकून राहिला, उघड्या डोक्याचा.

मी फोन तिच्या हातातून घेतला. तिनं माझा हात सोडला नाही. इतका घट्ट धरला की बांगडी रुतली.

"बाई," ती म्हणाली, "गेला व आपला."

आणि मग ती रडायला लागली.